‘त्यांच्यासारखं वाजतंय, पण माझं काहीच नाही’

ताई,
मी सोलापूरची, वय वीस, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पेटी लहानपणापासून शिकले, मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा दिल्यात. लॉकडाउनमध्ये भावाने दिग्दर्शक मियाझाकींचा ‘स्पिरिटेड अवे’ हा ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन चित्रपट दाखवला आणि तेव्हापासून त्याचे संगीतकार जो हिसाईशी यांच्या संगीताशिवाय दुसरं काही सुचत नाही. लॅपटॉपवर चाली बांधते, त्यातल्या तीन सोबत पाठवतेय. ऐकणारे म्हणतात, ‘अगदी हिसाईशी!’ आधी आनंद व्हायचा, आता रडू येतं. त्यांच्यासारखं वाजतंय, पण माझं काहीच नाही. मला ॲनिमेचं पार्श्वसंगीत करायचंय. पप्पा म्हणतात, हे जपानचं खूळ सोड आणि सी.ए. फाउंडेशनला बस. वीस म्हणजे उशीर झाला का? कॉलेज सोडून जपानला जाण्याच्या मागे लागू का? आणि पेटी विकून लॅपटॉपला जोडायचा चांगला मिडी कीबोर्ड घेऊ का?
— सुरवेडी, सोलापूर

प्रिय सुरवेडी,

प्रश्न बरेच विचारलेस, पण मी अडखळले ते ‘आता रडू येतं’ या शब्दांपाशी. ज्या दिवशी ते पहिल्यांदा आलं, त्या दिवशी तुझा कान तुझ्या हातांच्या पुढे निघून गेला. त्रास होतो खरा, पण इथून पुढचं शिक्षण त्या कानाच्याच जोरावर व्हायचंय.

तिन्ही चाली मी रात्री हेडफोन लावून दोनदा ऐकल्या. ऐकणारे तुला खोटं सांगत नाहीत. पहिल्या दोन्हींत पियानो एकटा सुरू होतो, चाल सावकाश वर चढते, तारवाद्यं येतात आणि शेवटी सगळा वाद्यवृंद भरून येतो. साचा ओळखीचा आहे. तिसरीत मात्र साधारण मध्यावर डावा हात चार सुरांचा एक तुकडा धरून बसतो, सोडतच नाही, आणि उजवा हात वर काहीतरी चाचपडत राहतो. जेमतेम वीस सेकंद. मग तू घाबरलीस आणि पुन्हा व्हायोलिनं आणलीस. ते वीस सेकंद मी कितीतरी वेळा ऐकले. त्यांच्याकडे परत येऊच.

तू ज्यांची नक्कल करतेस ते हिसाईशी तेव्हा पन्नास वर्षांचे होते. ‘स्पिरिटेड अवे’ 2001 च्या जुलैत लागला आणि त्यांचा जन्म 6 डिसेंबर 1950 चा. पन्नाशीतल्या माणसाचे हात विशीतल्या मुलीने उसने घेतले तर ते तिला सैल होणारच. तुझ्या वयाचे असताना ते काय करत होते, ते बघू.

तेव्हा त्यांचं नाव हिसाईशी नव्हतंच. नागानो प्रांतातल्या नाकानोचा मामोरू फुजिसावा, चौथ्या वर्षापासून सुझुकी पद्धतीनं व्हायोलिन शिकलेला, 1969 मध्ये तोक्योतल्या कुनिताची संगीत महाविद्यालयात रचना शिकायला दाखल झाला. तिथं त्याला झपाटलं ते अमेरिकेतल्या मिनिमल संगीतानं, टेरी रायली, स्टीव्ह राइश, फिलिप ग्लास या मंडळींनी. चार-सहा सुरांचा तुकडा घ्यायचा, तो फिरवत ठेवायचा आणि दर फेरीला त्यात केसाएवढा बदल करायचा. बदल होताना कळत नाही. काही वेळानं आपण भलत्याच ठिकाणी येऊन पोहोचलोय, एवढंच कळतं. तबल्याच्या एकलवादनाला तू कधी पेटीवर लेहरा धरला असशील. तेच ते आवर्तन अर्धा तास वाजवताना हळूहळू त्या चार सुरांतली जागा न् जागा दिसायला लागते ना? ती अवस्था या लोकांनी स्वतंत्र रचनेसाठी वापरली. (जाता जाता: याच टेरी रायलींनी 1970 मध्ये पंडित प्राणनाथांचं शिष्यत्व पत्करलं. प्राणनाथ किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. ज्या घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, तेच हे घराणं. सोलापूरहून मिरज किती लांब आहे ते तुला माहीत आहे.)

तर हे त्यांचं विसावं वर्ष. मियाझाकी नाहीत, ॲनिमे नाही, टाळ्या नाहीत. पोटासाठी मिळेल ते काम. 1974 मध्ये ‘ग्याटोरुझु’ या आदिमानवांच्या विनोदी टीव्ही मालिकेचं काम मिळालं, ते फुजिसावा या खऱ्या नावानंच. पुढे टोपणनाव घेतलं, तेही अमेरिकन संगीतकार क्विन्सी जोन्सच्या नावावरून. क्विन्सीचा जपानी उच्चार चित्रलिपीत बसवला, त्याच अक्षरांचं दुसरं वाचन ‘हिसाईशी’, आणि जोन्सचा झाला ‘जो’. म्हणजे बघ, ज्यांच्यासारखं वाजतं म्हणून तू रडतेस, त्यांनी तर दुसऱ्याचं नावसुद्धा उसनं घेतलं होतं. संगीत मात्र स्वतःचं शोधत राहिले. 1981 मध्ये ‘म्क्वाजू’ नावाची तबकडी काढली. स्वाहिलीत म्क्वाजू म्हणजे चिंच. तालवाद्यांचं, फिरत्या तुकड्यांचं संगीत. लोकांनी डोक्यावर घेण्यासारखं त्यात काही नव्हतं. 1982 मध्ये आणखी एक तबकडी आली, ती तोकुमा या समूहाच्या रेकॉर्ड कंपनीकडून.

इथं नीट लक्ष दे. मियाझाकींची ‘नाउसिका’ ही चित्रकथा ज्या मासिकात येत होती, ते मासिकही तोकुमाचंच. चित्रपट ठरला तेव्हा कंपनीनं आपल्या या फारशा नाव नसलेल्या संगीतकाराचं नाव पुढे केलं. त्यांच्याकडून आधी एक ‘इमेज अल्बम’ करून घेतला. म्हणजे चित्रपट तयार होण्यापूर्वी, नुसत्या कल्पनेवरून आणि चित्रांवरून बांधलेलं संगीत. तो 1983 च्या शेवटी आला. ते ऐकून दिग्दर्शक मियाझाकी आणि निर्माते इसाओ ताकाहाता दोघांनाही पटलं, की हाच माणूस हवा. 11 मार्च 1984 ला चित्रपट लागला तेव्हा हिसाईशी तेहतीस वर्षांचे होते. तुझ्या हिशेबानं अजून तेरा वर्षं आहेत. उशिराचा प्रश्न इथं संपला असं समज.

आता त्यांच्या कामातलं जे तुला शिकण्यासारखं आहे, त्याकडे येते. माझं आयुष्य नाटकांना पार्श्वसंगीत देण्यात गेलं, म्हणून यावर जरा जास्त बोलणार आहे.

पार्श्वसंगीत करणाऱ्याला आधी ऐकता आलं पाहिजे की इथं काय नको. पंचवीस वर्षांपूर्वी एका नाटकात नायिका कायमचं घर सोडते, दार लावून घेते, त्या जागी मी सारंगीचा तुकडा बांधला होता. दिग्दर्शकानं तालमीत तो काढून टाकला. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. पहिल्या प्रयोगाला मागच्या रांगेत बसले होते. तिनं दार लावलं, कडी खटकन पडली, आणि साऱ्या प्रेक्षागृहाचा श्वास अडकलेला मी ऐकला. माझी सारंगी तिथं असती तर ती कडी कुणाला ऐकूच आली नसती.

‘स्पिरिटेड अवे’मध्ये चिहिरो पाण्यावरून जाणाऱ्या रेल्वेत बसते, तो भाग पुन्हा बघ. तुला तोंडपाठ असेल, पण या वेळी पियानोचे सूर मोजायला बस. किती कमी आहेत! खिडकीबाहेर पाणी सरकतंय, डब्यात सावल्यांसारखी माणसं आहेत, आणि मुलीला काय वाटतंय ते संगीत सांगायला जात नाही. तुझ्या पहिल्या चालीत मी तसा मोकळा श्वास शोधला, सापडला नाही. तुला भीती वाटते, की सूर थांबले तर ऐकणारा निघून जाईल.

‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ घे. सोफी अठरा वर्षांची असते, शापानं नव्वदीची म्हातारी होते, आणि पुढे तिचं वय चित्रपटभर खालीवर होत राहतं. मियाझाकींनी हिसाईशींकडे मागणी केली, की सबंध चित्रपट एकाच मुख्य चालीवर उभा करा, म्हणजे चेहरा बदलला तरी मुलगी तीच आहे हे प्रेक्षकाच्या कानाला कळत राहील. म्हणून ती चाल, तीन मात्रांच्या ठेक्याचं ते वॉल्ट्झ, कधी पियानोवर एकटं येतं, कधी थाटामाटात, कधी नुसत्या चाहुलीसारखं. लोक त्या चालीवर प्रेम करतात ते ठीकच. तू त्यामागचं कारण शीक. चाल गोड आहे म्हणून ती परत येत नाही, गोष्टीला तिची गरज आहे म्हणून येते.

आणि मला सर्वांत जवळचा वाटणारा प्रसंग ताकाहातांचा. ‘नाउसिका’च्या वेळी हिसाईशींना निवडणाऱ्यांपैकी ते एक. पण स्वतः दिग्दर्शित केलेल्या चित्रपटांसाठी त्यांनी पुढची जवळजवळ तीस वर्षं दुसऱ्यांना बोलावलं. हिसाईशींच्या वाट्याला त्यांचा चित्रपट आला तो थेट 2013 मध्ये, राजकन्या कागुयाच्या गोष्टीवरचा. आणि अट काय? पात्राच्या भावना संगीतातून सांगायच्या नाहीत, प्रेक्षकाला हलवायचा प्रयत्न करायचा नाही. साठी ओलांडलेल्या, जगभर नावाजलेल्या माणसाला हे सांगणं! ते त्यांनी ऐकलं. शेवटी चंद्रावरचे लोक कागुयाला न्यायला ढगावरून खाली उतरतात. म्हातारे आईबाप तिला घट्ट धरून रडताहेत, आणि वरून येणाऱ्यांचं संगीत कसलं आहे? आनंदी, नाचरं, जत्रेतल्यासारखं. कारण त्या लोकांना दुःख ठाऊकच नाही. तिथं करुण व्हायोलिनं वाजली असती तर आपण रडलो असतो आणि मोकळे झालो असतो. या संगीतानं मोकळं होताच येत नाही. मी तो भाग पाहिल्यावर बराच वेळ उठू शकले नव्हते.

म्हणून तुला पहिला अभ्यास देते. कुठल्याही चित्रपटातला तीन मिनिटांचा प्रसंग घे, आवाज बंद कर. त्यासाठी दोन संगीतं लिही. एक प्रसंगाच्या भावनेबरोबर जाणारं, दुसरं तिच्या उलट जाणारं. दोन्हींत किमान चाळीस सेकंद पूर्ण शांतता हवी, आणि ती कुठं ठेवायची ते तू ठरवायचं. दुसरा अभ्यास तुझ्या त्या वीस सेकंदांचा. तेच चार सूर घेऊन चार मिनिटं लिही. पाचवा सूर डाव्या हातात येऊ द्यायचा नाही, तारवाद्यं आणायची नाहीत. कंटाळा येईल, अडकशील, मग लेहऱ्यातल्यासारखी जागा दिसेल. 2023 साली मियाझाकींचा ‘द बॉय अँड द हेरॉन’ आला तेव्हा हिसाईशी बहात्तर वर्षांचे होते, आणि त्याचं संगीत बहुतांशी विरळ पियानोचं, फिरत्या लहान तुकड्यांचं आहे. विशीत ज्यानं झपाटलं, त्याकडेच त्यांचे हात वळले. तुझ्या डाव्या हातानं जे आपणहून धरलं, ते कुणाचं उसनं नव्हतं, असं माझ्या कानाला वाटतं.

आता कॉलेज. सोडू नकोस. हे मी पप्पांची बाजू घेऊन म्हणत नाही. ॲनिमेच्या संगीतकार योको कान्नो वासेदा विद्यापीठात शिकत असतानाच कोएई कंपनीच्या व्हिडिओ गेमना संगीत देत होत्या; त्यांनी संगीत दिलेली ‘काउबॉय बेबॉप’ ही ॲनिमे मालिका पुढे 1998 मध्ये आली. ॲनिमेच्याच दुसऱ्या संगीतकार युकी काजिउरा यांनी संगीतात पूर्णवेळ उतरण्याआधी संगणक क्षेत्रात नोकरी केली. या क्षेत्रात येण्याची वाट एका ठराविक दारातून जात नाही. शिवाय तुझ्या पदवीला अजून जेमतेम दीड वर्ष उरलंय, आणि तेवढ्या काळात शिकायचं इतकं आहे की जपानचं तिकीट हातात असतं तरी मी तुला थांब म्हटलं असतं.

काय शिकायचं? स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरचं पाश्चात्त्य स्वरलेखन, आणि हार्मनी. तुझ्याकडे राग आहेत, ताल आहे, कान आहे. पण चार स्वर एकाच वेळी वाजतात तेव्हा त्यातला प्रत्येक कुठून आला आणि कुठं चाललाय, याचा विचार आपल्या शिक्षणात होत नाही, आणि वाद्यवृंदासमोर ठेवायचा कागद तर त्यावरच उभा असतो. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या संस्थांच्या पाश्चात्त्य संगीताच्या थिअरीच्या परीक्षा आपल्याकडूनही देता येतात, त्यांचा अभ्यासक्रम समोर ठेव. पदवीनंतर पूर्णवेळ शिकावंसं वाटलं तर चेन्नईत ए. आर. रहमान यांनी 2008 मध्ये सुरू केलेलं केएम कंझर्व्हेटरी आहे. तिथली माहिती काढून ठेव, आत्ता घाई नको.

टीव्हीवरच्या ॲनिमेचं काम कसं चालतं तेही तुला माहीत हवं, कारण तू चित्रपट डोळ्यांसमोर ठेवून स्वप्न बघतेस आणि जपानात नव्या माणसाला बहुधा मालिकेचं काम मिळतं. तिथं पुष्कळदा चित्रं तयार होण्याआधीच संगीत ध्वनिमुद्रित होतं. ध्वनिदिग्दर्शक एक यादी देतो: रोजचं निवांत वातावरण, संशय, पाठलाग, आठवण, विजय, आणि प्रत्येकाची अंदाजे लांबी. संगीतकार असे तीस-चाळीस, कधी त्याहून जास्त तुकडे लिहून देतो. मग कुठला तुकडा कुठल्या प्रसंगाखाली टाकायचा, हे ध्वनिदिग्दर्शक ठरवतो. तुझा लाडका तुकडा कदाचित वापरलाच जाणार नाही, आणि सहज लिहिलेला मालिकेची ओळख होऊन बसेल. हे सहन होण्यासारखं आहे का, ते स्वतःला विचारून ठेव. दोन महिन्यांत स्वतःच अशी वीस तुकड्यांची यादी कर आणि ठरल्या दिवशी पूर्ण कर. यादी, लांबी, तारीख. पोटापाण्याचं काम याच तीन गोष्टींवर चालतं.

भाषाही हवी. ध्वनिदिग्दर्शकाशी तुला दुभाष्यामार्फत बोलता येणार नाही. ‘जरा ओलसर हवं’ असं तो म्हणाला तर त्याला काय हवंय ते तुलाच कळायला हवं. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे जपानीचे वर्ग वर्षानुवर्षं चालतात, जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा पुण्यात देता येते. एन फाइव्ह या सर्वांत सोप्या पातळीपासून सुरुवात कर. सोलापूरहून ये-जा जमत नसेल तर ऑनलाइन शीक, पण परीक्षेचा फॉर्म भर. फॉर्म भरला की अभ्यास होतो.

आणि याहून महत्त्वाचं, तुझ्या वयाचा तुझा मियाझाकी शोध. हिसाईशींचं नशीब चित्रं काढणाऱ्यांशी गाठ पडण्यात होतं. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत, पुण्या-मुंबईतल्या ॲनिमेशनच्या संस्थांत विद्यार्थी दरवर्षी पाच-दहा मिनिटांचे लघुपट करतात, आणि त्यांतल्या कित्येकांना शेवटच्या आठवड्यात आठवतं की संगीत राहिलंच. त्यांना लिही. त्यांच्याकडे पैसे नसतील, पण श्रेयनामावलीत नाव आणि कामाची प्रत हे दोन्ही माग, आणि लेखी माग.

जपान आणि आपलं नातं या क्षेत्रात नवं नाही. जपानी दिग्दर्शक युगो साको यांनी आपल्याकडचे ॲनिमेटर राम मोहन यांच्यासोबत केलेला ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा 1992 चा ॲनिमे, त्याचं संगीत मुंबईच्या वनराज भाटियांचं. लंडनच्या रॉयल अकादमीत शिकलेला, पॅरिसमध्ये नादिया बुलांजेंकडे धडे घेतलेला हा माणूस भारतात परतला, जाहिरातींच्या हजारो जिंगल्स केल्या, बेनेगलांच्या चित्रपटांना संगीत दिलं, आणि स्वतःच्या ऑपेरावर काम चालूच ठेवलं. हिसाईशींनीही 1991 ते 2002 या काळात दिग्दर्शक ताकेशी कितानोंच्या सात चित्रपटांना संगीत दिलं, मियाझाकींचे चित्रपट सांभाळले, आणि पुढे मैफलींसाठी स्वतःचं मिनिमल संगीत पुन्हा लिहायला घेतलं. दुसऱ्याच्या चित्रांसाठी लिहिणाऱ्यानं आपल्यासाठीचा एक तास राखून ठेवावा, नाहीतर हळूहळू द्यायला काही उरत नाही. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये.

पप्पांशी बोलताना भांडण नको. त्यांना तुझं पोट कसं भरेल याची काळजी आहे, आणि ती रास्त आहे. त्यांना सांग की ताईंनी बी.कॉम. पूर्ण करायला सांगितलंय, आणि का तेही सांग. संगीतकाराला करार वाचता यावा लागतो. 2012 च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून इतर वापरांच्या रॉयल्टीतला संगीतकाराचा हिस्सा करारानं काढून घेता येत नाही. ती वसूल करून देणारी संस्था आपल्याकडे आयपीआरएस आहे, जपानात जासराक. माझ्या पिढीतल्या कित्येकांनी ‘सर्व हक्क कायमचे’ या ओळीखाली न वाचता सह्या केल्या, मीसुद्धा केल्या. हिशेब समजणारी मुलगी हे करणार नाही. सी.ए.ला बसायचं की नाही, ते पदवीनंतर ठरव. तोवर पप्पांना तुझा तो वीस तुकड्यांचा संच, ठरल्या तारखेला पूर्ण केलेला, एका बैठकीत ऐकव. बापाला मुलीची शिस्त दिसली की त्याचा आवाज थोडा खाली येतो. माझ्या वडिलांचा आला होता.

पेटी विकू नकोस. मिडी कीबोर्ड साधा, चार सप्तकांचा, जुना मिळाला तरी चालेल. त्यावर डाव्या हाताशी एक चाक असतं, मॉड व्हील म्हणतात त्याला. लॅपटॉपमधलं व्हायोलिन कोरडं, मेल्यासारखं वाजतं ना? कारण तू उजव्या हातानं सूर दाबतेस आणि सोडून देतेस. सूर चालू असताना ते चाक सावकाश वर न्यायचं, श्वासाएवढं थांबायचं, मग खाली आणायचं. तुझा डावा हात इतकी वर्षं पेटीच्या भात्यावर हेच करत आलाय. रोज सकाळी अर्धा तास नुसता षड्ज धर, भाता अगदी हलका ठेव, सूर उगवताना आणि मावळताना ऐक. मग लॅपटॉप उघड आणि तोच हात चाकावर ठेव. चार मिनिटांचं झालं की पाठव, मी वाट बघतेय.

तुझी,
ताई